दिवा दिसतो, परतीची वाट दिसत नाही

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांनी काढलेल्या काशीयात्रेत, संकठा घाटावरील सायंसभेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काल याच सभेत काशीक्षेत्राच्या माहात्म्यावर एक रसाळ निरूपण झाले. आज संयोजकांनी मला उभे केले आहे आणि विषय दिला आहे तो मोटारीच्या दिव्यांचा. तीस वर्षांहून अधिक काळ मी एका तंत्रशिक्षण संस्थेत मोटारींची विद्युत-यंत्रणा शिकवली. त्यामुळे आज सकाळी मैदागिनजवळच्या वाहनतळावर आपल्या एका गाडीचे जे काही झाले, त्याचा उलगडा मी सर्वांसमोर करावा, अशी आज्ञा झाली. संकठादेवीच्या दारात बसून ब्रेकच्या दिव्याविषयी बोलणे काहींना विजोड वाटेल. परंतु संकटे दूर करणाऱ्या देवीच्या सान्निध्यात, संकट कोठून येते हे कसे शोधावे याचा विचार करणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

शिवाय हा घाट आपल्याला परका नाही. येथून दक्षिणेस लागूनच शिंद्यांचा घाट आहे आणि उत्तरेस थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा. त्याहीपुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी घराण्यांनी पिढ्यानुपिढ्या वस्ती केली. त्या मराठी मंडळींपैकी एकाचे स्मरण आज मला विशेषत्वाने करावेसे वाटते. १८२१ मध्ये पुण्यात जन्मलेले आणि नागपूरच्या मराठी शाळेत शिकलेले बापूदेव शास्त्री १८४२ मध्ये येथील संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. पुढे गणित आणि ज्योतिष या विषयांत त्यांचे नाव सर्वदूर झाले. येथून जवळच मानमंदिरावर जयपूरच्या सवाई जयसिंहाने उभारलेली वेधयंत्रे आहेत. त्या यंत्रांचे वर्णन करणारा ग्रंथही शास्त्रीबोवांनी लिहिला. आकाशातील ज्योतींविषयी बोलायचे तर आधी वेध घ्यावा, मग सिद्धान्त सांगावा, ही त्या परंपरेची शिस्त होती. मोटारीच्या ज्योतीही याच शिस्तीला वश होतात, एवढेच मला आज दाखवायचे आहे.

प्रथम घटना सांगतो. आपण नागपूरहून जबलपूर, रीवा, मिर्झापूर या मार्गाने आलो. एकेकाळी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाणारा आणि काशीपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा तो हाच रस्ता. हनुमना सोडल्यावर ड्रमंडगंजची घाटी रात्री उतरताना, मागच्या गाडीतील मंडळींच्या लक्षात आले की पुढच्या गाडीचा डावा ब्रेकचा दिवा अगदीच मिणमिणता आहे. एरवी कोणी याकडे लक्ष दिले नसते. पण रात्रीची वेळ, उतार, मागे लागोपाठ मालमोटारी आणि गाडीत आपली लेकरे होती. त्यामुळे सर्वांचाच जीव टांगणीला लागला. उरलेला प्रवास ती गाडी मध्ये ठेवून आणि मागच्या गाडीने आपले इशारादिवे चालू ठेवून आपण पार पाडला.

विशेष म्हणजे हा दोष नवा नव्हता. गाडीच्या मालकांनी, म्हणजे आपल्याच एका शाळाबंधूंनी, निघण्यापूर्वी त्यावर उपाय करून घेतला होता. ज्या गॅरेजात तो झाला, तेथे डावा बल्ब दोनदा बदलला गेला. तरीही दिवा उजळेना, तेव्हा दहा अँपिअरचा लाल फ्यूज काढून त्या जागी वीस अँपिअरचा पिवळा फ्यूज बसवून दिला गेला. तीन वेळा पैसे गेले, तीन सुटे भाग बदलले. दोष मात्र जसाच्या तसा काशीपर्यंत आला.

आज सकाळी मैदागिनपाशी एक वयस्क मिस्त्री आले. पेटी उघडण्याआधी त्यांनी मालकांना तीन प्रश्न विचारले. हे केव्हापासून होते आहे? हा दिवा लागतो तेव्हा बाकीचे दिवे काय करतात? आणि याआधी कोणी काय काय बदलले आहे? उत्तरे ऐकून ते एवढेच म्हणाले, “बाबूजी, बल्ब बाद में। पहले अर्थ देखेंगे।” मी शेजारीच उभा होतो. वर्गात जे समजावून सांगायला मला दोन तासिका लागत, ते या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितले. ते कोणत्या आधारावर, हे आता क्रमाने पाहू.

आपण इयत्ता सातवी-आठवीत शिकलो की विद्युतधारा वाहण्यासाठी परिपथ पूर्ण असावा लागतो. विजेच्या घटाच्या एका टोकापासून निघालेली धारा दिव्यातून जाऊन दुसऱ्या टोकाशी परत आली पाहिजे. घरात यासाठी आपल्याला जाण्याची एक आणि येण्याची एक अशा दोन तारा दिसतात. मोटारीत मात्र बहुतेक ठिकाणी जाणारी तार तेवढी लांबवर नेलेली असते. परत येण्याचे काम गाडीचा लोखंडी सांगाडाच करतो. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि प्रत्येक दिव्याची आखूड काळी किंवा तपकिरी तार जवळच्याच एखाद्या बोल्टने पत्र्याला जखडलेली असते. या जोडाला गॅरेजातील मंडळी ‘अर्थ’ म्हणतात आणि ‘अर्थ मिळत नाही’ अशी तक्रार करतात. आमच्या मराठीच्या गुरुजींचीही कवितेच्या तासाला आमच्याविषयी हीच तक्रार असे!

मागच्या डाव्या कोपऱ्यात एकाच खोक्यात तीन-चार दिवे असतात. टेललाइट, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि काही गाड्यांत मागे घेतानाचा पांढरा दिवा. त्यांच्याकडे जाणाऱ्या तारा वेगवेगळ्या, पण परतीची वाट पुष्कळदा एकच, सामाईक. ती वाट अरुंद झाली की काय होईल? काशीच्या गल्ल्यांचा आपण दोन दिवस अनुभव घेतला आहे. घाटावर उतरायला चार बोळ असावेत आणि परतायला एकच, त्यातही समोरून एक नंदी येऊन उभा राहावा. मग माणसे मिळेल त्या दारातून, दुसऱ्याच्या अंगणातून वाट काढू लागतात. विद्युतधाराही तेच करते. सामाईक परतीच्या जोडावर गंज चढला की ब्रेकच्या दिव्यातून आलेली धारा शेजारच्या इंडिकेटरच्या तंतूतून उलट्या दिशेने शिरते आणि पुढच्या इंडिकेटरमधून सांगाड्याकडे जाऊ पाहते. म्हणून ब्रेक दाबला की पुढचा डावा इंडिकेटर निखाऱ्यासारखा मंद तांबूस दिसे. म्हणूनच ब्रेक दाबून डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही त्याच्या ठेक्यावर कमी-जास्त होई. एक दिवा लावावा आणि दुसऱ्यानेच डोळे मिचकावावेत, अशी भुताटकी दिसली की जाणकार माणूस बल्बकडे न जाता सामाईक परतीच्या वाटेकडे जातो. मिस्त्रींचा दुसरा प्रश्न एवढ्यासाठीच होता.

येथे तर्काची पहिली पायरी पुरी होते. उजवा ब्रेकचा दिवा लख्ख लागत होता. याचा अर्थ बॅटरी, फ्यूज आणि ब्रेकच्या पायदळाखालचा स्विच यांच्यावर संशय घेण्याचे कारण नव्हते, कारण हे सर्व दोन्ही बाजूंना सामाईक आहे. दोष दोन वाटा फुटतात त्यानंतरच्या डाव्या शाखेतच असला पाहिजे. मग फ्यूज बदलण्याला काय आधार होता? काहीच नाही. उलट त्यात धोका होता. फ्यूज, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील वितळतार, दिव्याच्या रक्षणासाठी नसते. ती तारेच्या रक्षणासाठी असते. दहा अँपिअरसाठी नेमलेल्या तारेवर वीस अँपिअरचा पहारेकरी बसवला, तर आपत्तीच्या वेळी आधी तार तापते, तिचे आवरण वितळते आणि फ्यूज मात्र शाबूत राहतो. मिस्त्रींनी तो पिवळा फ्यूज सर्वांत आधी काढून पुन्हा लाल बसवला, हे आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल.

दुसरी पायरी मोजमापाची. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि ती लक्षात न घेतल्याने अनेक अनुभवी माणसेही फसतात. बल्ब काढून त्याच्या रिकाम्या होल्डरमध्ये मीटरची दोन टोके लावली, तेव्हा सुमारे साडेबारा व्होल्ट दिसले. म्हणजे ‘करंट येतो आहे’. मग दोष बल्बचाच, असे कोणालाही वाटेल. बहुधा त्या पहिल्या गॅरेजातही असेच वाटले असावे. पण व्होल्टमीटर स्वतः जवळजवळ काहीच धारा घेत नाही. धारा नसली की गंजलेल्या जोडावर विभवांतरही पडत नाही. त्यामुळे तो जोड निर्दोष असल्यासारखा भासतो. बल्ब बसवून ब्रेक दाबला की मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास धारा त्या जोडातून जाऊ पाहते आणि त्याचे खरे रूप उघडे पडते. जोडाची परीक्षा त्याच्यावर भार असतानाच घ्यावी लागते. रिकाम्या वर्गातील शांतता पाहून शाळेच्या शिस्तीचा निर्णय करता येत नाही, तसेच हे आहे.

म्हणून बल्ब जागेवर ठेवून, एकाने ब्रेक दाबून धरला असताना मापे घेतली. दिव्याच्या जाणाऱ्या तारेपासून उघड्या पत्र्यापर्यंत बारा व्होल्टच्या थोडे वर. म्हणजे येणारी वाट चांगली. आता दिव्याच्या परतीच्या तारेपासून उघड्या पत्र्यापर्यंत. हे दोन्ही बिंदू एकमेकांना जोडलेलेच आहेत, असे आपण मानतो. तेथे जवळजवळ शून्य यायला हवे. व्होल्टचा एक-दोन दशांश फार झाला. प्रत्यक्षात आले चार व्होल्ट! म्हणजे बारापैकी चार व्होल्ट परतीच्या जोडातच खर्च होत होते आणि दिव्याच्या वाट्याला आठच येत होते.

मापाचे वाचन आपल्याच शाळेत नववीत शिकणारी एक विद्यार्थिनी करत होती. मी तिला विचारले, “चार व्होल्ट म्हणजे काय झाले?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आजोबा, तिथे विभवांतर आहे, म्हणजे तिथे रोध आहे. तार असायला हवी तिथे जणू दुसरा दिवाच बसलाय, फक्त तो दिसत नाही.” ओहमने १८२७ मध्ये जो नियम प्रसिद्ध केला, तो यापेक्षा सोप्या शब्दांत मी स्वतः कधी सांगितलेला नाही. या उत्तराकडे मी शेवटी पुन्हा वळणार आहे.

आठ व्होल्ट म्हणजे दोन-तृतीयांश. तेव्हा प्रकाशही दोन-तृतीयांश मिळत असेल, असे आपण समजू. तसे नसते. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टतेच्या साधारण साडेतीन घाताच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टता एक-तृतीयांशाने उतरली की प्रकाश जवळजवळ एक-चतुर्थांशच उरतो. बारा व्होल्टवर एकवीस वॉटचा असणारा ब्रेकचा दिवा अशा वेळी पाच वॉटच्या टेललाइटसारखा दिसू लागतो. मागच्या चालकाला वाटते, पुढची गाडी चालते आहे. प्रत्यक्षात ती थांबत असते. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे येते. मागच्या माणसाला उमगायला एक सेकंद उशीर झाला, तर तेवढे अंतर गेले. घाटीत त्या रात्री आपल्या गाडीतील मुलांच्या आणि मागच्या मालमोटारीच्या मध्ये जे काही होते, ते हे सतरा मीटर होते. म्हणूनच ‘एक दिवा मंद असला तर काय बिघडले’ हे म्हणणे मला मान्य होत नाही.

तिसरी पायरी पडताळ्याची. केवळ मापावर विसंबून मिस्त्रींनी काही उघडले नाही. त्यांनी वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक दिव्याच्या परतीच्या तारेला आणि दुसरे खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्याला टेकवले. दिवा तत्क्षणी लख्ख झाला. पुढचा इंडिकेटर विझला. तुकडा काढला, भुताटकी परत आली. आता संशयाचे निश्चयात रूपांतर झाले, तेही एकही भाग विकत न घेता.

चौथी पायरी दोषाच्या जागेची. डिकीतील डाव्या बाजूचे अस्तर काढले. खाली परतीच्या तारेचे थिंबल एका बोल्टने पत्र्याला जोडलेले होते आणि त्यावर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. बोल्ट काढून थिंबल व पत्रा पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासला, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावले. पुन्हा ब्रेक दाबून माप घेतले: व्होल्टचा एक दशांशही नाही. सारा खर्च मिस्त्रींच्या मजुरीचा.

सामान्य कारागीर येथे थांबला असता. पण ते थांबले नाहीत. “पानी कहाँ से आया?” असे स्वतःशीच पुटपुटत त्यांनी बोटांनी वर चाचपडत नेले. डिकीच्या झाकणाभोवतीचे रबर एका कोपऱ्यात फाटलेले होते. तेथून पावसाचे पाणी अस्तरामागे झिरपत होते. जोड कितीही स्वच्छ केला, तरी हे रबर तसेच ठेवले असते तर पुढच्या पावसाळ्यानंतर हाच दोष पुन्हा उभा राहिला असता. दिव्याचा दोष जोडात होता आणि जोडाचा दोष रबरात. कारणाचेही कारण सापडेपर्यंत निदान पुरे होत नाही. मित्रहो, मला या साऱ्या प्रसंगातील सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

शेजारच्या शिंदे घाटाची कहाणी आपण ऐकली असेल. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास तो मोठ्या वैभवाने बांधवला. परंतु एवढ्या भव्य बांधकामाचा भार खालच्या भूमीला पेलवला नाही आणि तो खचला. पुढे त्याची पुन्हा बांधणी करावी लागली. त्याच्या पायथ्याशी कललेले रत्नेश्वराचे मंदिर आपण आज पाहिले. वरचे कोरीवकाम निर्दोष असले म्हणून भागत नाही, भूमीशी असलेला जोड पक्का असावा लागतो. विद्युतशास्त्रात ‘भू-संपर्क’ हा शब्द आहे. घाट बांधणाऱ्यांनाही तो अपरिचित वाटला नसता.

येथे बसलेल्या पालकांपैकी पुष्कळांकडे वाहन आहे. त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक सांगतो. पहिली गोष्ट, दोन्ही बाजूंचे दिवे एकदम गेले तर दोष सामाईक भागात शोधावा: फ्यूज, रिले, स्विच. एकाच बाजूचा गेला तर दोष त्या बाजूलाच शोधावा: बल्ब, होल्डर, अर्थ. एवढ्या एका विचाराने निम्मे श्रम वाचतात. दुसरी गोष्ट, इंडिकेटर एकाएकी जलद टिकटिकू लागला तर बहुधा त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. वाढलेला वेग ही गाडीने तुम्हाला दिलेली सूचना आहे. तिसरी, फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर मोठा फ्यूज हा उपाय नव्हे. कोठेतरी जाणारी तार पत्र्याला घासून उघडी पडली आहे. कारागीर अशा वेळी फ्यूजच्या जागी एकवीस वॉटचा एक बल्ब जोडतात. तार पत्र्याला टेकलेली असेपर्यंत तो पूर्ण तेजाने पेटतो. मग एकेक शाखा सोडवत जावे. जी सोडवताच तो मंदावतो किंवा विझतो, त्या शाखेत दोष. चौथी, दोन तंतूंच्या बल्बच्या जागी एका तंतूचा बल्ब बळेच बसवू नये. त्यानेही टेललाइट आणि ब्रेक यांची सरमिसळ होते.

अलीकडच्या गाड्यांत एलईडी दिवे आणि त्यांचे नियंत्रण करणारे संगणक आले आहेत. तेथे जुना टेस्ट लॅम्प बेधडक लावणे इष्ट नाही आणि एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टनातील तारांना तर हातही लावू नये. साधने बदलली, परंतु ‘आधी विचारा, मग पाहा, मग मोजा, मग पडताळा आणि शेवटी बदला’ हा क्रम बदललेला नाही. संगणकसुद्धा गंजलेल्या बोल्टपुढे हतबल होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता आपल्या शाळेविषयी. साठ वर्षांच्या वाटचालीचा आनंद आपण साजरा करत आहोत, आणि त्याच वेळी अनेक पालकांच्या मनात एक प्रश्न आहे, जो या प्रवासातही माझ्या कानी आला: ‘मराठीतून शिकवून मुलाचे पुढे कसे व्हायचे?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे; त्याला भावनेच्या भरात उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. इंग्रजी आली पाहिजे, उत्तम आली पाहिजे. यंत्रांची माहितीपुस्तके इंग्रजीत असतात आणि ती वाचता न येणारा मुलगा मागे पडतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

परंतु आज सकाळी मी आणखी एक गोष्ट पाहिली. मीटरवरचा आकडा सर्वांनाच दिसत होता. चार हा आकडा वाचायला कोणतीच भाषा लागत नाही. त्या आकड्यामागे एक न दिसणारा दिवा बसला आहे, हे मात्र त्या मुलीला दिसले, कारण विभवांतर आणि रोध हे शब्द तिने नुसते पाठ केलेले नव्हते. ते तिच्या विचाराचे शब्द झाले होते. मी तंत्रनिकेतनात गेलो तेव्हा शब्द सारे नवे होते, पहिले काही महिने जड गेले. पण शब्द नवे असले तरी कल्पना नव्या नव्हत्या. ‘व्होल्टेज ड्रॉप’ ऐकले की मनात विभवांतर उभे राही आणि त्याबरोबर आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतील तो लाकडी फळीवरचा परिपथ. ज्याची कल्पना पक्की, त्याला शब्द बदलून घेता येतो. ज्याच्याकडे नुसता शब्द आहे, त्याला कल्पना कोठून आणायची, हा मोठाच प्रश्न पडतो. तो मग बल्ब बदलत राहतो.

आणि मुलांच्या बाबतीत आपणही पुष्कळदा बल्बच बदलत असतो. गुण कमी आले, शिकवणी बदला; तरीही कमी आले, शाळा बदला; मग माध्यम बदला. दिवा मंद दिसतो म्हणून दिव्यावर उपाय. त्या मिस्त्रींसारखे तीन प्रश्न आपण विचारतो का? हे केव्हापासून होते आहे? त्या वेळी बाकीचे काय घडत असते? आणि आजवर आपण काय काय बदलून पाहिले? कदाचित दोष मुलाच्या बुद्धीत नसेल, शिकवण्यातही नसेल. घरातल्या एखाद्या सैल पडलेल्या जोडात असेल. मोठ्या वर्गात चाळीस-पन्नास मुलांच्या परतीची वाट एकच, म्हणजे एकच शिक्षक असतो, आणि कधी तीच वाट अपुरी पडत असेल. माझ्याकडे याची तयार उत्तरे नाहीत. परंतु मोजण्यापूर्वी बदलू नये, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

या हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांपुढे मी एक छोटीशी सूचना ठेवतो. कमानी उभारल्या जातील, रंगमंच होईल, ते सर्व व्हावेच. त्याबरोबर आपल्या प्रयोगशाळेत बारा व्होल्टवर चालणारा, मोटारीच्या सर्व बाह्य दिव्यांचा एक खुला फलक बसवावा. हेडलाइट, टेललाइट, ब्रेक, इंडिकेटर, फ्यूज, रिले, आणि परतीची वाट म्हणून एक लोखंडी पट्टी. सोबत दहा-बारा साधे मल्टिमीटर. दर आठवड्याला शिक्षकांनी त्यात एक दोष लपवावा, आणि मुलामुलींनी मोजून, तर्काने तो शोधावा. सुटा भाग बदलण्याची परवानगी मात्र कारण लिहून दिल्यावरच मिळावी! खर्च फारसा नाही. बराचसा जुन्या सामानातून होईल. फलक उभारून देण्याची आणि पहिली दोन वर्षे महिन्यातून एकदा येऊन शिकवण्याची जबाबदारी मी आज आपल्यासमोर स्वीकारतो. आणखी चार-पाच माजी विद्यार्थी सोबत आले तर हे काम माझ्यानंतरही चालू राहील.

परवा आपण परतीच्या प्रवासाला निघू. निघण्यापूर्वी प्रत्येक गाडीमागे एकाने उभे राहावे, दुसऱ्याने आत बसून ब्रेक, दोन्ही इंडिकेटर आणि टेललाइट एकेक करून व मग एकत्र लावून दाखवावेत. हे काम मुलांकडे द्यावे. त्यांना ते आवडते आणि ते मोठ्यांपेक्षा नीट पाहतात.